सहहिस्सेदाराची संमती

माधुरीने टेपचं टोक कठड्याच्या कोपऱ्यात दाबून धरायला पप्पूला सांगितलं आणि फिरकी सोडत ती गच्चीच्या दुसऱ्या टोकाकडे चालत गेली. पाण्याच्या टाकीपर्यंतचं माप मंजूर नकाशाशी जुळलं. टाकीच्या पलीकडे नकाशात मोकळी गच्ची होती. प्रत्यक्षात तिथे एक खोली होती. विटांच्या भिंती, वर पत्रा, निळं दार आणि दाराशी ओव्याची कुंडी.

"ही खोली नकाशात नाही," ती म्हणाली.

"ती तात्पुरती आहे हो, मॅडम." तीन जिने चढून शरच्चंद्र वकिलांना धाप लागली होती. "आमची थोरली बहीण राहते. झाली असतील वीस-बावीस वर्षं."

"तात्पुरती," माधुरीने शब्द जसाच्या तसा वहीत लिहून घेतला.

मोबाईल टॉवरच्या कंपनीसाठी परवानग्या गोळा करत फिरणारा पप्पू टेपचं टोक सोडून लगबगीने पुढे आला. "मॅडम, टॉवर ह्या बाजूला येनार, खोली त्या बाजूला. एकमेकांचा काय संबंध न्हाई."

निळं दार उघडलं. सत्तरी ओलांडलेल्या एक बाई हातात चाळणी घेऊन बाहेर आल्या. त्यांनी तिघांकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं.

"चहा टाकू का, शरद?"

"नको. त्यांना वेळ नाही."

बाई तशाच उभ्या राहिल्या. माधुरीने खोलीची लांबी घेतली, रुंदी घेतली, दाराची उंचीसुद्धा घेतली, जिची काही गरज नव्हती. वकिलांनी तिला ओळखलं नव्हतं. तिने मात्र भोरच्या नगरपरिषदेत रुजू झाल्यापासून चार वर्षं या माणसाच्या अर्जाची वाट पाहिली होती. कधीतरी त्याला काहीतरी बांधायचं असेल, वाढवायचं असेल, पाडायचं असेल. भोरमध्ये घर असलेला माणूस कधी ना कधी बांधकाम विभागाच्या टेबलापाशी येतोच.

याच इमारतीच्या पायथ्याशी, एसटी स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, तिची आई अक्काबाई शिलाई मशीन घेऊन बसायची. डोक्यावर चार बांबूंवर ताणलेला पत्रा. साडीला फॉल, ब्लाउजच्या बाह्या मोकळ्या करणं, दप्तराची चेन, शाळेच्या पोरींचे स्कर्ट. माधुरी आठवीत होती तेव्हा शरच्चंद्र वकील नगरसेवक झाले आणि त्यांच्या इमारतीत खालच्या मजल्यावर दुकानगाळे निघाले. मग एका सकाळी नगरपरिषदेचा टेम्पो आला. माधुरी शाळेला निघण्याआधी आईला डबा द्यायला आली होती. दोघा माणसांनी मशीन उचललं तेव्हा सुईखाली कुणाचातरी जांभळा ब्लाउज होता. तो ओढून काढताना धागा लांबपर्यंत येत राहिला.

वकील पांढऱ्या सदऱ्यात तिथेच उभे होते. आवाज चढवला नव्हता, शिवी दिली नव्हती. "बाई, यात वैयक्तिक काही नाही," ते म्हणाले होते. "रहदारीला अडथळा होतो. नियम आहे."

जप्त झालेलं मशीन सुटलं नाही. अक्काबाई भोंगवलीला घरी परतली आणि पुढची पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या रानात खुरपायला गेली. तिने त्या माणसाचं नाव पुन्हा घेतलं नाही. माधुरीने ते रोज घेतलं, मनातल्या मनात, पदविकेच्या परीक्षेला बसतानासुद्धा.

गच्ची मोजून ती कार्यालयात परतली तेव्हा तिच्यापुढे दोन वाटा होत्या. अर्जावर नुसती त्रुटी काढता आली असती: खोली नियमित करून घ्या, मग बघू. ती वाट तिने घेतली नाही. अनधिकृत बांधकाम असलेल्या इमारतीवर टॉवरला परवानगी देता येत नाही, असा शेरा तिने अर्जावर मारला आणि खोलीसाठी वेगळी नोटीस तयार केली. तीस दिवसांत बांधकाम काढून टाका, नाहीतर नगरपरिषद काढेल. मुख्याधिकाऱ्यांनी वाचून मान डोलावली. नोटिशीच्या तळाशी, स्थळपाहणी करणाऱ्याच्या जागी, तिने आपलं पूर्ण नाव लिहून सही केली. अक्षर एकदम वळणदार आलं.

तिचा हिशोब साधा होता. वकील धावत येतील, दंड भरून खोली नियमित करून मागतील, टॉवरचं महिन्याचं भाडं हातचं जाईल. खोली नियमित होईपर्यंत कंपनी थांबणार नव्हती, हे पप्पूने आधीच सांगून टाकलं होतं. सख्ख्या बहिणीला कोण उघड्यावर काढतं?

चौथ्या दिवशी वकील आले. टेबलासमोरच्या खुर्चीत बसून त्यांनी आधी इकडचं तिकडचं काढलं.

"मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"भोंगवली."

"भोंगवलीत कुणाच्या?"

"कोंडिबा रणखांब्यांची मुलगी. माझी आई अक्काबाई. तुमच्या इमारतीखाली मशीन घेऊन बसायची."

वकिलांचा हात टेबलावरच्या काचेवर सावकाश फिरत होता तो थांबला.

"अक्काबाईची मुलगी तू?" ते म्हणाले. मॅडम गेलं, तुम्ही गेलं. ते तिला ऐकू आलं आणि आतून बरं वाटलं. "हे बघ, त्या वेळी नियमच तसा होता."

"आत्ताही नियमच आहे, साहेब. यात वैयक्तिक काही नाही."

ते उठले. दारापर्यंत जाऊन पुन्हा वळतील असं तिला वाटलं होतं. वळले नाहीत.

विसाव्या दिवशी त्यांचं पत्र आलं. बांधकाम स्वखुशीने काढून टाकलं आहे, पाहणी करावी.

माधुरी पुन्हा तीन जिने चढली. गच्ची मोकळी होती. खोलीच्या जागी फरशीवर विटांच्या ओळींचा चौकोन उरला होता आणि आत मोरीचा उतार. कठड्याला टेकवून निळं दार ठेवलं होतं. जिन्याच्या वरच्या वळणावर एक पत्र्याची ट्रंक, दोन पिशव्या आणि त्यांच्याशेजारी वेताच्या मोड्यावर वकिलांची बहीण, नलूताई. येताना माधुरी त्यांच्या बाजूने गेली होती, पण तिला वाटलं होतं कुणी कामवाली टेकली असेल.

"इथे?" माधुरीच्या तोंडून गेलं.

"चार दिवस आहे," नलूताई म्हणाल्या. "आळंदीच्या बाजूला कुठलासा आश्रम आहे. शरदने फोन केलाय. जागा झाली की नेतील."

"खाली घरात खोल्या नाहीत?"

"आहेत की. विराजचं लग्न ठरतंय ना." विराज म्हणजे वकिलांचा मुलगा. नलूताईंनी मांडीवरच्या पदराची घडी सरळ केली. "टॉवर आला म्हणजे सगळं नीट लागेल म्हणतो शरद."

माधुरीने पाहणी अहवालावर "बांधकाम काढल्याचे आढळले" असं लिहिलं. ते वाक्य लिहायला तिला दोनदा पेन झटकावं लागलं.

संध्याकाळी स्कूटरवरून कापूरव्होळमार्गे घरी येईपर्यंत ती वाटेत कुठेही थांबली नाही. अक्काबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. माधुरीने तिला सगळं सांगितलं. नोटीस, सही, वकिलांचं तोंड कसं झालं ते, आणि मग गच्ची, ट्रंक, मोडा. सांगायला सुरुवात केली तेव्हा तिचा आवाज विजयी होता. शेवटाला तो तसा राहिला नाही.

अक्काबाईने टरफलं बाजूला सारली.

"जांभळा बिलावज तिचाच व्हता," ती म्हणाली. "मशीन नेल्यावर धा-पंधरा दिसांनी यष्टीनं आली व्हती हितं, एकटी. बाह्या म्या हातानं शिवून ठिवल्या व्हत्या, त्या दिल्या. घेतल्या आन म्हनली, शरदला सांगू नका मी आले व्हते."

"ब्लाउजसाठी आली होती, आई. तुझ्यासाठी नाही."

"बिलावजासाठी का हुईना. त्या घरातनं कोन आलं व्हतं दुसरं?" अक्काबाईने मुलीकडे पाहिलं. "जा, घिऊन ये तिला."

"इथं?"

"मंग कुठं? तू काढली ना तिला घरातनं?"

नलूताई येणार नाहीत अशी माधुरीची खात्री होती. दुसऱ्या दिवशी जिन्यात उभं राहून तिने विचारलं तेव्हा नलूताईंनी थोडा वेळ तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग काही न विचारता त्या उठल्या आणि पायांत चपला सरकवल्या. ट्रंक पप्पूने खाली आणून दिली. त्याला या प्रकरणातलं काही कळत नव्हतं, पण टेम्पो त्याच्या ओळखीचा होता.

भोंगवलीच्या बुद्धविहाराच्या पाठीमागे अक्काबाईचं दोन खोल्यांचं घर. पुढची खोली नलूताईंना मिळाली. पहिले दोन दिवस त्या ट्रंकेला टेकून बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच परात पुढे ओढून भाजी निवडायला घेतली. शेजारची ठकुबाई मुद्दाम दळण मागायच्या निमित्ताने येऊन बघून गेली. पाच-सहा दिवसांत भोरमध्ये स्टँडवर, कोर्टात, वकिलांच्या बायकोच्या भिशीत बातमी पोचली. शरच्चंद्र वकिलांची थोरली बहीण भोंगवलीला राहायला गेली. कुणाकडे, ते सांगताना लोक जरा थांबत.

त्याच सुमारास माधुरीने टॉवरची फाईल शेवटच्या मंजुरीसाठी पुन्हा उघडली. सगळे कागद जुळत होते. फक्त मिळकत पत्रिकेचा उतारा जुना, वकिलांच्या वडिलांच्या वेळचा होता, म्हणून तिने ताजा मागवला. आला. त्यावर शरच्चंद्रांच्या नावाखाली आणखी एक नाव होतं. नलिनी. घरी विचारल्यावर नलूताईंनी सांगितलं, त्यांच्या हिश्शाचा हक्कसोड वकिलांनी बावीस वर्षांपूर्वी लिहून घेतला होता. ती गच्चीवरची खोली त्याच्याच बदल्यात होती. पण तो दस्त नोंदवायचा राहिला होता. दुसऱ्यांचे शेकडो दस्त नोंदवून देणाऱ्या माणसाला वाटलं असेल, बहीण कुठे मागायला येणार आहे?

माधुरीने फाईलवर लिहिलं: सहहिस्सेदाराचे संमतीपत्र जोडावे.

पुढच्या रविवारी वकिलांची गाडी भोंगवलीत आली. गल्ली अरुंद म्हणून विहारापाशीच थांबली. तिथून घरापर्यंत ते चालत आले. ओट्या-ओट्यावर माणसं होती, कुणी नमस्कार केला, कुणी नुसतं पाहिलं. अक्काबाईने आतून खुर्ची आणून अंगणात ठेवली.

"बसा, वकीलसायेब."

ते बसले. अक्काबाईकडे त्यांनी पाहिलं नाही. फाईलमधून कागद काढून त्यांनी बहिणीपुढे धरला. "ताई, इथे सही कर. नुसती औपचारिकता आहे."

नलूताईंनी कागद घेतला, चष्मा लावला आणि वाचायला लागल्या. वाचता वाचता एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"ठेवून जा, शरद. नीट वाचते. पुढच्या रविवारी ये."

"अगं, वाचायचं काय त्यात?"

"बावीस वर्षांपूर्वी न वाचता केली होती एक."

पुढच्या रविवारी ते पुन्हा चालत आले. या वेळी नलूताईंना एक शब्द कळला नव्हता. वकिलांनी तो समजावून सांगितला. मग आणखी एक. विहारापुढे बसलेली माणसं आता त्यांच्याकडे बघून उठायचीही थांबली होती. "खाली एक खोली देतो तुला, ताई," ते शेवटी म्हणाले. "टॉवर होऊ दे. घरी चल."

"बघू," नलूताई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी ये."

गाडी गेल्यावर माधुरी त्यांच्यासमोर येऊन बसली. तीन आठवडे ती हे बोलायचं टाळत होती.

"नलूताई, तुमच्या खोलीची नोटीस मी काढली होती."

"माहीत आहे की." नलूताई मेथीच्या काड्या मोडत होत्या. "दारावरच चिकटवली होती. तीस दिवसांतले वीस दिवस रोज येता-जाता वाचली. खाली तुझं नाव होतं, वडिलांच्या नावासकट. रणखांबे. त्या दिवशी टेप घेऊन आलीस तेव्हाच वाटलं होतं, ही मुलगी दाराची उंची कशाला मोजते आहे?"

माधुरीने परातीतली एक काडी उचलली. "मग आलात कशा माझ्याबरोबर?"

नलूताईंनी हातातली काडी मोडली, पानं परातीत टाकली.

"आश्रमात गेले असते तर शरद सुटला असता. दर महिन्याला एक फोन, वर्षाला एक साडी. लोक म्हणाले असते, बहिणीची सोय केली हो." त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता. "त्याला मान खाली घालून यावं लागेल असं दुसरं घर मला आठवेना."

आतून अक्काबाईने मीठ कुठे ठेवलंय म्हणून हाक मारली आणि नलूताई "फडताळात, डाव्या हाताला" म्हणाल्या.

त्या आठवड्यात, शुक्रवारी, पप्पू कार्यालयात नवा अर्ज घेऊन आला. इमारत निराळी होती. मागच्या गल्लीतली, एका निवृत्त मास्तरांची, उंचीला थोडी कमी पण कागद सगळे स्वच्छ.

"कंपनी थांबायला तयार न्हाई, मॅडम. वरून रोज फोन. म्हनले, वाद असलेली जागा सोड." त्याने आवाज खाली आणला. "वकीलसायबांना अजून बोललो न्हाई. कोन्या तोंडानं सांगू? खोली पाडली बिचाऱ्यांनी. तुमीच सांगा की."

माधुरीने अर्ज तपासला. नकाशा, उतारा, इमारतीच्या मजबुतीचा दाखला. आवक शिक्का मारला.

"अर्जदार तुमची कंपनी आहे," ती म्हणाली. "कळवायचं तर कंपनीने कळवावं."

"कळवतील हो. पुढल्या महिन्यात रद्दचं पत्र निघंल."

"मग झालं."

घरी आल्यावर, अक्काबाई ठकुबाईकडे गेली होती तेवढ्यात, तिने नलूताईंना सांगितलं. नलूताई दोरीवरचे कपडे काढत होत्या. त्यांनी पातळाची घडी पूर्ण केली.

"शरदला ठाऊक आहे?"

"नाही."

"बरं," नलूताई म्हणाल्या, आणि दुसरं पातळ ओढून घेतलं.

रविवारी वकील आले तेव्हा थकलेले दिसत होते. सदऱ्याला घामाचे डाग पडले होते. खुर्चीत टेकता टेकता त्यांनी माधुरीकडे पाहिलं. भोंगवलीत आल्यापासून ते तिच्याशी थेट पहिल्यांदाच बोलले.

"मॅडम, एवढी सही मिळाली की मग काही अडचण नाही ना?"

माधुरी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. सांगायचं तर एकाच वाक्यात सांगता आलं असतं.

"सही मिळाली की फाईलवरची त्रुटी पूर्ण होईल, साहेब."

वकिलांनी मान हलवली आणि बहिणीकडे वळले. ते काही बोलायच्या आत नलूताईंनी हात पुढे केला.

"पेन दे."

त्यांनी कागद मांडीवर पाट ठेवून त्यावर घेतला. आधी पहिल्या पानावर, मग दुसऱ्यावर, मग शेवटच्या. प्रत्येक ठिकाणी पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सावकाश, ठसठशीत. वकील पाहत होते. कागद हातात आल्यावर त्यांनी शाई वाळावी म्हणून त्यावर फुंकर घातली, फाईलमध्ये ठेवला, आणि मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, अंगणातल्या सगळ्यांसमोर वाकून त्यांनी बहिणीच्या पायाला हात लावला.

"ताई, मी विसरणार नाही हे."

"नको विसरू," नलूताई म्हणाल्या आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

फाईल छातीशी धरून ते गल्लीतून गेले. वाटेत कुणाशीतरी दोन शब्द हसून बोललेही. विहारापाशी गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

अक्काबाई खुर्ची उचलायला पुढे झाली होती, ती तशीच थांबली. पदराने डोळे टिपत म्हणाली, "माज्याच्यानं न्हाई झालं असतं, नलूताई. लई मोठं मन लागतं त्याला."

नलूताईंनी पेनाला टोपण लावलं. माधुरीने त्यांच्याकडे पाहायचं टाळलं, आणि त्यांनीही तिच्याकडे पाहिलं नाही.